पडताळा पाहिला, बरोबर आहे

छाया देवतळेला पहिला धक्का दिला तो एका आठ वर्षांच्या बापानं.

बोरगाव मेघेतल्या आपल्या घरी ती जेवणाच्या टेबलावर सहावीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत बसली होती. गणित साधंच होतं. बाप आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज चाळीस, बापाचं वय मुलाच्या चौपट, तर दोघांची वयं काढा. जंगू मडावीनं ती काढली होती. मुलगा बत्तीस वर्षांचा, बाप आठ वर्षांचा. अक्षर मोत्यासारखं. समास पट्टीनं आखलेला. उत्तराभोवती सुबक चौकोन आणि खाली दोन समांतर रेघा, जणू या बापाला चौकटीत घालून हार घालायचाच बाकी होता.

छायानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाप आठच वर्षांचा राहिला. तिनं पुढचा पेपर घेतला. विक्कीची बैलगाडी सेलूहून हिंगणीला ताशी चारशे ऐंशी किलोमीटर वेगानं चालली होती. सोनमच्या एका बादलीत सहा हजार लिटर पाणी मावत होतं आणि तरीही ती बादली एक बाई कडेवर नेत होती. सगळ्या उत्तरांना चौकोन होते. कुठंही शाईचा डाग नाही, खाडाखोड नाही, शंकेचा एक ठिपका नाही.

आता देवतळे मॅडमच्या वर्गाच्या वह्यांबद्दल इथं थोडं सांगितलं पाहिजे. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून टेंभझिरा नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत छाया शिकवत होती. पाहुणे आले की मुख्याध्यापक वैरागडे सर कपाटातून सहावीच्या वह्या काढत, घरच्या बायका ठेवणीतला शालू काढतात तशा. पाहुणे पानं उलटून म्हणत, ‘वा, छापल्यासारखं आहे.’ छाया तेव्हा खिडकीबाहेर बघत असे, कारण अशा वेळी चेहऱ्यावर काय आणावं हे तिला कळत नसे. पण ते वाक्य ती घरी आल्यावर नवऱ्याला सांगत असे, आणि नवऱ्यानं ऐकलं नाही असं वाटलं तर पुन्हा सांगत असे.

दुसऱ्या दिवशी तिनं जंगूला उभं केलं.

“जंगू, बाप आठ वर्षांचा आणि पोरगा बत्तीस. असं कधी होतं का?”

जंगूनं वहीत पाहिलं, शांतपणे विचार केला आणि म्हणाला, “आकडे बरोबर हायेत मॅडम. फक्त बाप कोनता न पोरगा कोनता, थे उलटं झालं.”

यात तसं खोटं काही नव्हतं, म्हणून छायाला जास्तच राग आला. तिनं त्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पडताळा’. मग समजावलं की उत्तर आलं म्हणजे गणित संपत नाही. उत्तर गणितात परत घालून पाहायचं. जमतं का, शोभतं का, असं माणसाच्या राज्यात घडतं का, हे विचारायचं. आजपासून प्रत्येक गणिताखाली पडताळा पाहिजे. मुलांनी माना डोलावल्या. डोलावण्यात टेंभझिऱ्याच्या मुलांचा हात कोणी धरणार नाही.

आठवडाभरानं वह्या आल्या आणि छायाला दुसरा धक्का बसला. पडताळा प्रत्येक गणिताखाली होता. एका मजुराच्या जागी पावणेदोन मजूर कामाला लागले होते आणि त्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘पडताळा पाहिला. बरोबर आहे.’ गाईनं दिवसाला नव्वद लिटर दूध दिलं होतं. ‘पडताळा पाहिला. बरोबर आहे.’ अख्ख्या वर्गानं हे वाक्य, प्रार्थनेखाली ‘जय हिंद’ लिहावं तसं, प्रत्येक गणिताखाली लिहून टाकलं होतं. विक्कीनं तर पुढच्या पाच रिकाम्या पानांवरही ते आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे पुढं घाई होऊ नये.

घरी तिनं हे मुकेशला सांगितलं. मुकेश वर्ध्यात विम्याच्या कचेरीत होता आणि कुठल्याही संकटावर त्याच्याकडे योजना असे. “त्याईले चॉकलेट देत जा,” तो म्हणाला, “पडताळा केला का एक चॉकलेट. मानूस फायद्याशिवाय कायी करत नाई.” छाया म्हणाली, “ते पडताळा न करता चॉकलेट खातील.” मुकेश म्हणाला, “मंग चॉकलेट दिल्यावर त्याईनं खाल्लं का नाई, याचा पडताळा तू कर.” आणि तो टीव्हीकडे वळला.

शेजारच्या नलूताईंना भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू गेलं होतंच. त्या वाटीभर मेथीची भाजी घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांचं म्हणणं, मुलं कोणत्या दिशेला तोंड करून बसतात हे आधी पाहा. दक्षिणेला तोंड असेल तर गणित डोक्यात शिरतं पण थांबत नाही. “आमचा स्वप्निल पूर्वेकडेच बसे. त्याले कधी पडताळा कराचं कामच पडलं नाई. पहिल्यांदाच बरोबर येत होतं.” हा त्यांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये होता आणि नलूताईंच्या प्रत्येक उपायाचा शेवट त्याच्यापाशी होत असे. छाया शिकलेली बाई, असल्या गोष्टी ती मानत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर तिनं नकळत सूर्य कुठं आहे ते पाहिलं. मुलं दक्षिणेकडेच तोंड करून बसली होती. फळा त्या भिंतीवर होता, तेव्हा इलाज नव्हता.

मग तिला एक कल्पना सुचली, आणि ती चांगलीही वाटली. स्वतःच्या चुका दिसत नाहीत, दुसऱ्याच्या लगेच दिसतात. तेव्हा वह्यांची अदलाबदल करायची आणि शेजाऱ्याचं गणित तपासायचं.

दुसऱ्याच्या चुका मुलांना खरंच दिसल्या. ज्या नव्हत्या त्यासुद्धा दिसल्या. रजतनं सोनमची सगळी गणितं चूक दिली, कारण तिनं पोळ्याच्या दिवशी त्याच्या मातीच्या बैलाचं शिंग मोडलं होतं. सोनमनं विक्कीच्या वहीवर लाल पेननं ‘कायीच येत नाई’ असा शेरा मारला. विक्कीनं ज्याची वही हातात आली त्याला शंभरपैकी शंभर दिले आणि मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातलं आमलेट मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर रजतची आई आणि सोनमची आई यांच्यात अपूर्णांकांवरून भांडण झालं. त्यात गुणाकारापेक्षा भागाकार जास्त झाला.

त्याच दुपारी लक्ष्मणराव शाळेत आले. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि रजतचे आजोबा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, ती ठेवली म्हणजे बोलणं लांबणार हे शाळेला माहीत होतं.

“मॅडम, तुमी पोराईले एकमेकाच्या चुका काढाले शिकवून राह्यले म्हनते.”

“दादा, गणिताच्या चुका.”

“सुरुवात गनितानंच होते. मंग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर येते. गावात चुका काढनारे आधीच का कमी हायेत? तुमी पोराईले चांगल्या गोष्टी शिकवा. चुका थे घरीच शिकतेत.”

वैरागडे सर मागं उभं राहून मान हलवत होते. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ही दोन वर्षं एकही कागद न येता जावीत, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. अदलाबदल बंद झाली.

छायाचा अभिमान दुखावला होता. मग ती हट्टाला पेटली. पुढच्या चाचणीत तिनं पर्यवेक्षण न करता फक्त पाहायचं ठरवलं. सोनमच्या बाकाजवळ उभी राहून ती खिडकीकडे पाहिल्यासारखं करत राहिली. सोनमनं गणित सोडवलं. उत्तर लिहिलं. मग तिचा हात थांबला. तिनं उत्तराकडे पाहिलं, भुवया वर गेल्या, ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजलं. हात खोडरबराकडे गेला. खोडरबर उचललं, पानावर धरलं, आणि पुन्हा हळूच कंपासात ठेवलं. मग पट्टी घेऊन तिनं त्या चुकीच्या उत्तराभोवती चौकोन आखला.

तास संपल्यावर छायानं तिला थांबवून घेतलं.

“सोनम, तुला कळलं होतं ना, उत्तर चुकलं ते?”

सोनमनं कंपास बंद केला.

“रागावत नाही. काऊन नाई खोडलं मग?”

“खोडलं तं पान खराब होते,” सोनम हळू म्हणाली. “मंग तुमी नीटनेटकेपनाचे मार्क कापता. चुकलं तं एकच गनित जाते. खोडलं तं चुकल्याचेपन जाते न खोडल्याचेपन.”

छाया खुर्चीत बसली. तिच्या समोर सहावीच्या वह्यांचा गठ्ठा होता, छापल्यासारख्या वह्यांचा. मुलांना चुका दिसत होत्या. आठ वर्षांचा बाप जंगूलाही दिसला असणार. पण तो आठ वर्षांचा बाप स्वच्छ होता आणि बत्तीस वर्षांचा बाप मिळवायचा तर पान मळणार होतं. मुलांनी सरळ हिशेब केला होता. आणि हिशेब शिकवायला तीच होती.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मुकेशनं विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही.” मुकेशनं टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यालाही गोष्ट गंभीर वाटली होती.

दुसऱ्या सकाळी छायानं बिस्किटांचा रिकामा डबा आणला आणि वर्गातली सगळी खोडरबरं त्यात जमा केली. नवा नियम असा, की चूक पुसायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. चूक वाचता आली पाहिजे. आणि जो स्वतःची चूक स्वतः शोधेल त्याला एक गुण जास्त.

मागच्या बाकावरून पंचफुला उईकेनं हात वर केला. ही मुलगी वर्षभरात फार तर हजेरीला ‘हजर’ म्हणायची. घरी तिच्या गोंडी, शाळेत मराठी, आणि दोन्हीतही ती बोलण्याच्या आधी शब्द उलटून पालटून पाहायची, बाजारात वांगी पाहतात तशी. “लाल पेननं मारू का निळ्या?” तिनं विचारलं. छाया म्हणाली, “तुला पाहिजे त्या.” पंचफुलानं मान हलवली आणि लगेच वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. जून महिन्यापासूनच्या चुका ती शोधत होती.

पुढचे काही दिवस छाया सुखात होती. वह्या नांगरलेल्या वावरासारख्या दिसू लागल्या होत्या, पण त्यात काहीतरी उगवत होतं. मग चाचणी झाली आणि जंगूला वीसपैकी सव्वीस मिळाले.

तिनं पेपर पुन्हा तपासला. गुण बरोबर होते. जंगूनं प्रत्येक गणितात आधी एक चूक केली होती, मग ती शोधली होती, मग बरोबर उत्तर काढलं होतं. एका ठिकाणी तर सात आणि पाच तेरा लिहून, रेघ मारून, खाली बारा लिहिले होते.

“जंगू, तू या चुका मुद्दाम केल्यास का?”

“हो मॅडम,” तो म्हणाला. लपवण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नव्हतं. “आधी कराव लागते, मंग शोधता येते. ज्याले चूक येत नाई, त्याचं नुकसान होऊन राह्यलं.”

नुकसान रजतचं होत होतं. रजतची गणितं पहिल्यांदाच बरोबर येत आणि त्यामुळं तो विसावर अडकला होता. पहिला नंबर जातो म्हणून तो घरी रडला. आजोबांनी त्याला जवळ बसवून चूक कशी करायची ते शिकवण्याचा प्रयत्न केला, पण लक्ष्मणरावांची स्वतःचीच गणितं मुद्दाम न करता चुकत होती, त्यामुळं पोराला काही बोध झाला नाही. लक्ष्मणराव पुन्हा आले. टोपी पुन्हा मांडीवर गेली. “मॅडम, हुशार पोरानं काय कराव मंग?” छायानं जास्तीचा गुण बंद केला. रेघ मारल्याचा गुण कापला जाणार नाही, एवढंच ठेवलं. जंगूनं हा निर्णय खिलाडूपणे घेतला. तो पुन्हा वीसपैकी बारावर आला.

पण मुलांच्या हाताला आता रेघ मारायची सवय लागली होती, आणि सवय शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला माहितीफलक होता. पुरुष ४१२, स्त्रिया ३९८, एकूण ८२०. तो कधीपासून तिथं होता आणि सगळं गाव त्याच्याखाली बसून गप्पा मारत होतं. एका रविवारी कोणीतरी ८२० वर कोळशानं आडवी रेघ मारली, खाली ८१० लिहिलं आणि त्याखाली वळणदार अक्षरात, ‘पडताळा पाहिला’.

सोमवारी ग्रामसेवकांचं पत्र आलं. विषय, सार्वजनिक भिंतीचे विद्रूपीकरण. वैरागडे सरांनी ते पत्र दोन बोटांत धरून छायाला दाखवलं, मेलेला उंदीर दाखवावा तसं. त्यांची भीती खरी ठरली होती, कागद आला होता.

“पण सर, बेरीज चुकलेलीच होती,” छाया म्हणाली.

“बेरीज बरोबर होती, देवतळे मॅडम. मी विचारून आलो. स्त्रिया चुकल्या होत्या. चारशे आठ पाह्यजे होत्या. पेंटरनं दहा बाया कमी रंगवल्या.”

मुलांनी चूक शोधली होती आणि बरोबर आकडा खोडला होता. पडताळ्याच्या शास्त्रात या प्रकाराला काय म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. खुलासा लिहायचा म्हणून ती ते पत्र वर्गात घेऊन गेली, कोणी केलं ते विचारलं. संपूर्ण वर्गानं हात वर केला. कोळसा धरायला एकच हात लागतो, पण बेरीज सगळ्यांनी करून पाहिली होती म्हणे.

खुलासा वर गेला. वरून चौकशीला केंद्रप्रमुख डेकाटे सर आले. वैरागडे सरांनी त्या दिवशी उपास धरला. डेकाटे सरांनी फलक पाहिला, मुलांशी बोलले, वह्या पाहिल्या, रेघा पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांना या महिन्याच्या शिक्षण परिषदेसाठी एक नावीन्यपूर्ण उपक्रम हवाच होता आणि इकडं तो कोणीही न मागता तयार होता.

“मॅडम, आपन हे सगळ्या केंद्रासमोर दाखवू,” ते म्हणाले. “इथंच, तुमच्याच वर्गात. आदर्श पाठ. सगळे शिक्षक येतीन. व्हिडिओ काढू.”

छायाला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं. तिनं घरी हे मुकेशला सांगितलं आणि नलूताईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं.

परिषदेचा दिवस उजाडला. शाळेसमोर गाड्या लागल्या. वऱ्हांड्यात पोह्यांचा वास, वर्गाच्या मागं सतरंजीवर आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक दाटीवाटीनं बसलेले, पुढच्या रांगेत डेकाटे सर, वैरागडे सर आणि इस्त्रीचं धोतर नेसलेले लक्ष्मणराव. मुलं तेल लावून आलेली. जंगूच्या केसांतून तेल कपाळावर आलं होतं. छायानं ठेवणीतली निळी साडी नेसली होती.

तिनं फळ्यावर तयार केलेलं गणित लिहायला सुरुवात केली. “एका बागेत आंब्याची काही झाडं,” एवढंच लिहून झालं होतं, तोच विक्की उभा राहिला आणि म्हणाला, “अठरा, मॅडम. पडताळापन पाह्यला.”

सतरंजीवर हसू पसरलं. छायानं वैरागडे सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. आदल्या दिवशी ती शिक्षण परिषदेच्या कागदांसाठी सेलूला गेली असताना सरांनी वर्गाची इतकी तालीम घेतली होती की ती अठरा झाडं आता मुलांच्या स्वप्नातही होती.

छायानं डस्टर फिरवला, आणि जे पहिलं सुचलं ते लिहिलं. ‘एका वर्गात एकूण ४० मुलं-मुली आहेत. मुलांपेक्षा मुली ७ ने जास्त आहेत. तर मुली किती?’

“सोडवा,” ती म्हणाली, “आणि पडताळा पाहा.”

माना खाली गेल्या. सतरंजीवरच्या काही शिक्षकांनीही बोटं हलवली आणि समाधानानं मान डोलावली. फोन वर झाले. छाया वाट पाहत राहिली. एरवी या वेळेपर्यंत वर्गात कुजबुज व्हायची, रेघा मारल्याचा आवाज यायचा, कोणीतरी ‘अरे’ म्हणायचं. आज सगळं शांत होतं. मग विक्कीनं हात वर केला. “चोवीस, मॅडम.”

“तेवीस,” रजत म्हणाला.

“जवळपास हायेत दोन्ही,” डेकाटे सर कौतुकानं म्हणाले. “विचार करून राह्यले पोरं.”

छाया फळ्याकडे वळली आणि स्वतः सोडवू लागली. चाळीस वजा सात, तेहेतीस. तेहेतीस भागिले दोन. खडू थांबला. मुलं साडेसोळा होत होती आणि मुली साडेतेवीस.

ती वळून बाकांमधून चालू लागली. विक्कीच्या वहीत आधी २३½ होतं. त्यावर रेघ, खाली २४, चौकोन, आणि त्याखाली ‘पडताळा पाहिला. बरोबर आहे.’ सोनमच्या वहीत तेच. रजतच्या वहीत रेघेखाली २३, आणि तेच वाक्य. बाकामागून बाक, तीच रेघ. सगळ्यांना बरोबर उत्तर आलं होतं आणि सगळ्यांनी ते खोडलं होतं.

“हे काऊन खोडलं?” ती विक्कीच्या कानाशी वाकून म्हणाली.

“हेडमास्तर सरनं सांगतलं,” विक्की तितक्याच हळू म्हणाला. “आज मॅडमचं कायी चुकत नाई म्हने.”

छायाला जे वाटलं ते धक्क्याच्याही पलीकडचं होतं. पाहुण्यांसमोर तिला जपायचं म्हणून या मुलांनी चेहरा न हलवता खोटं लिहिलं होतं, तेही सुंदर अक्षरात. शेवटच्या बाकावर मात्र पंचफुला हाताची घडी घालून बसली होती. तिच्या वहीत २३½ होतं, चौकोनात. त्याखाली तिनं पडताळा केला होता, बेरीज चाळीस येते, फरक सात येतो. आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘गणित बरोबर आहे. मुलगी अर्धी नसते.’ पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. ती मुलगी हेडमास्तरांचं अर्धं ऐकत होती, गप्प राहण्यापुरतं.

मागच्या सतरंजीवर कोणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. तेवीस किंवा चोवीस म्हणून पुढं जाता आलं असतं. टाळ्या झाल्या असत्या, पोहे झाले असते. छाया फळ्यापाशी गेली, खडू उचलला आणि आपल्या गणितावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली.

“गणित माझं चुकलं,” ती म्हणाली. “अर्धी मुलगी येते. विक्की, सोनम, तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं. खोडलेलं.”

मग डेकाटे सर उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागं सगळी सतरंजी उभी राहिली.

“मुद्दाम चूक,” डेकाटे सर सगळ्यांकडे वळून म्हणाले. “पाह्यलं का, शिक्षकानं मुद्दाम चूक कराची आन् पोराईले शोधू द्याची. काय युक्ती हाय.”

“सर, मुद्दाम नाही. खरंच चुकलं.”

“आन् वरून ही नम्रता,” डेकाटे सर म्हणाले. टाळ्या वाढल्या.

“मी आयत्या वेळी आकडे बदलले, सर. लक्षात नाही आलं.”

“लिहून घ्या,” डेकाटे सर शेजारच्या शिक्षकाला म्हणाले, “आयत्या वेळी. म्हनजे नैसर्गिक वाटते.”

पोहे खाताना ती प्रत्येकाला सांगत सुटली आणि प्रत्येकजण समजल्यासारखा हसला. लक्ष्मणराव जवळ येऊन म्हणाले, “मॅडम, मले तं वाटलं, खरंच चुकलं.” छायाच्या जिवात जीव आला. “खरंच चुकलं, दादा.” लक्ष्मणराव मागं वळून वैरागडे सरांना म्हणाले, “पाहा, अजूनपन तसंच तोंड करून राह्यल्या.” पुढच्या महिन्यात तालुक्याला हाच पाठ दाखवायचा, हे तिथंच ठरलं. ‘मुद्दाम चूक उपक्रम’ असं नावही पडलं. वैरागडे सरांनी उपास सोडला.

छायाचा फोन वाजला. नलूताईंचा निरोप होता. व्हिडिओ बोरगाव मेघेपर्यंत पोचला होता आणि तिथून पुण्याला. ‘स्वप्निल म्हणतो, वहिनींनी अभिनय फार छान केला.’

गाड्या निघून गेल्यावर छाया वर्गात परत आली, पिशवी घ्यायला. मुलं अंगणात उरलेल्या पोह्यांवर तुटून पडली होती. पंचफुला मात्र फळ्यासमोर उभी होती आणि त्या रेघ मारलेल्या गणिताकडे पाहत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “थे मुद्दाम नोतं ना?”

“नव्हतं.”

पंचफुलानं मान हलवली. तिला ते माहीतच होतं, फक्त ताडून पाहायचं होतं. छाया बाकावर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता आणि त्यानंच तिला रडू येईलसं झालं.

पंचफुलानं खडू घेतला. टाचा उंचावून तिनं फळ्यावरच्या चाळीसवर अलगद रेघ मारली, वर एकेचाळीस लिहिले, आणि बोटांवर बराच वेळ काहीतरी करून पाहिलं. मुली चोवीस, मुलं सतरा. मग ती मागं सरकली.

“एक पोरगी आनखी बसवा मॅडम,” ती म्हणाली. “मंग जमते.”